शुक्रवारचे फळ

चित्रपटाचा आठवडा शुक्रवारी उघडतो आणि गुरुवारी रात्रीचा शेवटचा खेळ सुटला की मिटतो. या सात दिवसांत तिकीटखिडकीवर जमलेल्या रकमेला धंद्यात ‘कलेक्शन’ म्हणतात, बोलण्यात ‘गल्ला’. गल्ला पाहून पिक्चर चालला की पडला हे सांगितले जाते आणि पुढच्या शुक्रवारी लागणाऱ्या पिक्चरचे भाकीतही त्याच्याच आधारे केले जाते. वरवर हा हिशेबाचा मामला दिसतो. त्याच्या पोटात मात्र एक जुना प्रश्न आहे. कोणी एक कर्म केले. काही काळाने, ठरलेल्या दिवशी, मोजता येईल अशा रूपात त्याचे फळ आले. ते कशाने आले, आधी कळू शकले असते का, आणि फळावरून कर्माची किंमत करावी का, हे भारतीय दर्शनांनी शतकानुशतके घोळवलेले प्रश्न आहेत. यज्ञाचे फळ मेल्यावर मिळते, शेतीचे वर्षाकाठी. चित्रपटाचे दर आठवड्याला येते आणि चारचौघांत येते.

दान सात्त्विक कोणते हे सांगताना गीता देश, काल आणि पात्र पाहायला सांगते. चित्रपटधंद्यातला ‘देश’ आजच्या नकाशावर सापडत नाही. वितरणाचे विभाग इंग्रजी अमदानीतल्या सीमांवर पडले ते तसेच राहिले. पश्चिम महाराष्ट्र मुंबई विभागात, विदर्भ सीपी-बेरारमध्ये, मराठवाडा निजाममध्ये. १९६० साली राज्य एक झाले, पण वितरकाच्या वहीत निजाम आणि सीपी-बेरार अजून नांदत आहेत. मनमाड या तिन्हींच्या सांध्याजवळ बसले आहे. गाव नाशिक जिल्ह्यातले, म्हणजे मुंबई विभागातले. पूर्वेला छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी लाइन मूळची निजामाच्या रेल्वेची. मेन लाइनवर पुढे भुसावळ, सीपी-बेरारच्या वितरकांचे जुने ठाणे. निजामाची लाइन मीटरगेज होती आणि नव्वदच्या दशकात ती रुंद होईपर्यंत मराठवाड्याकडचा माल मनमाडच्या फलाटावर एका गाडीतून उतरून दुसरीत चढत असे. त्या काळात चित्रपटही मालच होता. हजार फुटांचे एक रीळ, त्यात जेमतेम अकरा मिनिटांचा पिक्चर. तीन तासांच्या पिक्चरची सोळा-सतरा रिळे लोखंडी पेट्यांत भरून रेल्वेच्या पार्सलाने फिरत. पेटी वेळेवर आली नाही तर गावात शुक्रवार उजाडूनही पिक्चर लागत नसे. एकच पिक्चर मुंबई विभागात सणसणीत चालून निजाममध्ये आपटल्याची उदाहरणे धंद्यातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतात. पेटीतली रिळे तीच, कर्म तेच. फळ वेगळे.

काल म्हणजे शुक्रवार. हा वार मुळापासूनचा नव्हे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला तो शनिवार होता. शुक्रवार पुढे रुळला आणि रुळल्यावर त्याला अर्थ चिकटले. मराठी घरात शुक्रवार लक्ष्मीचा. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीचा कागद भिंतीवर लागतो आणि फुटाण्यांचा नैवेद्य होतो. मनमाडपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या मालेगावात शुक्रवार जुम्म्याचा. त्या दिवशी यंत्रमाग बंद असतात, आठवडाभर खडखडणारे गाव शांत होते आणि हातात पगार व मोकळा दिवस असलेला कामगार पिक्चरला जातो. लक्ष्मी, नमाज आणि नवा पिक्चर एकाच वारावर येतात हा योगायोग आहे, पण योगायोगालाही गल्ल्यात हिस्सा असतो.

या वाराचा सर्वांत नवलाचा दाखला १९७५ सालचा. ३० मे रोजी, शुक्रवारी, ‘जय संतोषी माँ’ लागला. खर्च थोडा, नाव घेण्यासारखा तारा नाही, आणि विषय एका देवीच्या सोळा शुक्रवारांच्या व्रताचा. ज्या वारी पिक्चर बदलतात त्याच वारी गूळ-चण्याचा नैवेद्य आणि आंबट वर्ज्य. बायका टॉकीजच्या दारात चपला काढून आत जात, पडद्यावर देवी आली की नाणी आणि फुले पडत. खेळ संपला की झाडूवाल्याला काय सापडत असेल, हा प्रश्न कोणत्याही धर्मचिंतकाने अजून मनावर घेतलेला नाही. बरोबर ११ आठवड्यांनी, १५ ऑगस्टच्या शुक्रवारी, ‘शोले’ आला. त्याच्याकडे खर्च, तारे, सत्तर एमएमचा पडदा, सगळे होते. वर्षअखेरीस कमाईच्या यादीत दोघे जवळजवळ बसले. दोन्ही खर्चांचे आकडे समोर ठेवून असे भाकीत कोणी केले असते तर त्याला वेड्यात काढले असते.

आता आकडा तयार कसा होतो ते पाहावे, कारण फळाची चर्चा करण्याआधी फळ हातात आहे की नाही हे ठरले पाहिजे. एकपडदा टॉकीजात खेळ सुरू होऊन थोडा वेळ गेला की बुकिंग क्लार्क खिडकी लावून घेतो. समोर वर्गवार तिकिटांची पुस्तके असतात. पहिल्या तिकिटाचा नंबर, उरलेल्या पहिल्या कोऱ्या तिकिटाचा नंबर, दोन्हींची वजाबाकी, गुणिले दर. ही बेरीज ‘डीसीआर’ या रोजच्या तक्त्यावर चढते आणि खाली सही होते. त्या वजाबाकीत आलेला आकडा ठणठणीत असतो: इतकी माणसे या क्षणी आत अंधारात बसली आहेत. पुढचा प्रत्येक आकडा त्याच्यावर केलेला संस्कार आहे. करासह रक्कम ती ग्रॉस, कर वजा जाता नेट, आणि टॉकीजचा वाटा काढून वितरकाच्या हाती पडतो तो शेअर. निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचे २००९ साली भांडण झाले, काही आठवडे नवे हिंदी पिक्चर लागलेच नाहीत, आणि मग जे सूत्र ठरले त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला ४२.५, तिसऱ्याला ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा उतरता होता. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात तिकीट काढणारा प्रेक्षक वितरकाच्या दृष्टीने पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकापेक्षा कमी मोलाचा. पोस्टरवर झळकतो तो मात्र देशापरदेशांतला ग्रॉस, म्हणजे निर्मात्याच्या खिशात पडणाऱ्या रकमेपासून सर्वांत लांबचा आकडा.

हे आकडे तपासून जाहीर करणारी सरकारी यंत्रणा भारतात नाही. निर्माता सांगतो, वितरक सांगतो, धंद्यावर लिहिणारे आपापल्या माणसांकडून मागवतात. तिघांत मेळ बसला तर तो अपवाद. न्यायदर्शन शब्दाला, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्याला, ज्ञानाचे साधन मानते, पण अट घालते की सांगणारा आप्त हवा. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि ती जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो आप्त. न्यायभाष्य लिहिणारा वात्स्यायन इथे मोठ्या मनाचा आहे: आप्त ऋषीच असला पाहिजे असे नाही, म्लेच्छही चालेल. या कसोटीवर बुकिंग क्लार्क आप्त ठरतो. निर्माता ठरत नाही. त्याला आकडा ठाऊक असतो, अडचण दुसऱ्या अटीपाशी येते.

भाकीत हे अनुमान. न्यायसूत्रांच्या भाष्यात अनुमानाचा पहिला प्रकार कारणावरून कार्याकडे जाणारा आणि त्याचा दाखला ढगांचा आहे: ढग दाटून आले, आता पाऊस पडेल. हा दाखला मनमाडच्या माणसाला पटवणे अवघड. वागदर्डीचे धरण रिते, नळाला पाणी कितीतरी दिवसांनी, आणि डोक्यावरून काळे ढग येवल्याकडून नांदगावकडे न थांबता निघून जाताना पाहण्यात या गावाचे पावसाळे गेले आहेत. ढग आणि पाऊस यांची गाठ पक्की नाही. नैयायिकांच्या भाषेत तिथे व्याप्ती नाही, मध्ये कुठली तरी उपाधी दडलेली आहे. धुरावरून आग कळते, पण आगीवरून धूर सांगता येत नाही, कारण लाकूड ओले असेल तरच धूर होतो. ओलेपणा ही उपाधी. मोठा तारा असला की मोठी ओपनिंग लागते, या वाक्यातही अशीच ओली लाकडे पुष्कळ आहेत. परीक्षा चालू आहेत का, त्या दिवशी क्रिकेटचा सामना आहे का, कापसाचा पैसा हाती आला का, पाऊस लांबला का, लग्नसराई आहे का. भाकीत करणारा तारा पाहतो. टॉकीजचा मालक लाकूड चाचपतो.

याच ग्रंथात अनुमानावर घेतलेला एक आक्षेप तर तिकीटखिडकीसाठीच लिहिल्यासारखा वाटतो. नदी फुगलेली दिसली की वर पाऊस झाला असे आपण म्हणतो. पण कोणी खाली बांध घातला असेल तरी पाणी फुगते. मोर ओरडला म्हणजे पाऊस जवळ आला. पण माणूसही मोराचा आवाज काढू शकतो. धंद्यात पहिल्या प्रकाराला ‘फीडिंग’ म्हणतात. आपल्याच पिक्चरची तिकिटे गठ्ठ्याने आपणच घ्यायची, हाऊसफुल्लची पाटी लावायची आणि फुगलेला आकडा सांगायचा. दुसरा प्रकार पैसे मोजून केलेल्या कौतुकाचा. सूत्रकाराचे उत्तर असे की खरा पूर आणि अडवलेले पाणी सारखे दिसत नाही, आणि भाष्यकार खुणा सांगतो: पुराच्या पाण्याला वेग असतो, त्यावर फेस, पाने, काटक्या वाहत येतात. टॉकीजातही पुराच्या खुणा असतात. पार्किंगमधल्या मोटारसायकली, मध्यंतरात संपलेले समोसे, बाहेर पडणाऱ्यांचा गलका. गठ्ठ्याने घेतलेली तिकिटे समोसे खात नाहीत.

पाश्चात्त्य अभ्यासकही याच ओढ्याकाठी येऊन थांबले. अर्थतज्ज्ञ आर्थर डी व्हॅनी यांनी हॉलिवूडच्या गल्ल्याचा अभ्यास करून २००४ साली पुस्तक लिहिले. त्यांचा निष्कर्ष असा की चित्रपटांच्या कमाईची विखुरणी इतकी टोकाची असते की सरासरी काढून हाती काही लागत नाही. मूठभर पिक्चर बहुतेक पैसा नेतात आणि कुठले ते आधी सांगण्याचा मार्ग नाही. माणसांच्या उंचीची सरासरी काढली तर पुढच्या माणसाविषयी काहीतरी कळते. चित्रपटांच्या कमाईची काढली तर मागच्या शंभरांतल्या एका ‘शोले’विषयी कळते.

तरी धंद्याला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे आणि ती कर्मविचाराशी विलक्षण जुळते. वेदान्त कर्माचे तीन भाग करतो. संचित म्हणजे मागचा सगळा साठा, प्रारब्ध म्हणजे त्यातला फळू लागलेला भाग, क्रियमाण म्हणजे आता चाललेले कर्म. पिक्चरच्या आठवड्यातही हे तीन दिसतात. ताऱ्याचे नाव, दिग्दर्शकाची आधीची कामगिरी, गाजलेली गाणी, हे संचित. त्यातले जेवढे या शुक्रवारी वटते ती ओपनिंग, हे प्रारब्ध. सुटलेला बाण परत येत नाही असे वेदान्ती प्रारब्धाविषयी म्हणतात. शुक्रवारचे तिकीटही तसेच, पिक्चर कसा आहे हे कळायच्या आत काढलेले. सोमवारी सुट्टी संपते, हौशे-नवशे कामाला लागतात आणि त्या दिवशी जो येतो तो कोणाच्या तरी तोंडून ऐकून येतो. म्हणून धंद्यातली माणसे शुक्रवारपेक्षा सोमवारला भितात. शुक्रवारचा आकडा पिक्चरच्या जन्माआधीच्या गोष्टींचा असतो, सोमवारचा पिक्चरचा.

‘शोले’ची गोष्ट या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. पहिल्या काही दिवसांत धंद्यातल्या जाणत्यांनी त्याला पडलेला ठरवले. शेवट बदलून जयला जिवंत ठेवावे काय, यावर निर्मात्यांची खलबते झाली. मग थोडे थांबायचे ठरले आणि थांबण्याच्या त्या दिवसांत प्रेक्षकांच्या तोंडी संवाद रुळले. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांहून अधिक राहिला. उलट बाजूने ‘सैराट’ पाहावा. २९ एप्रिल २०१६ रोजी लागला तेव्हा त्याची नायिका आणि नायक दोघेही पडद्यावर नवे होते, ताऱ्याच्या खात्यात शिल्लक शून्य. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आणि अजय-अतुलची गाणी एवढेच संचित. सुमारे ४ कोटींत केलेला हा पिक्चर १०० कोटींपलीकडे गेलेला पहिला मराठी चित्रपट ठरला. त्यानंतर काही वर्षे गावाकडच्या प्रेमकथांचे पीक आले, प्रत्येकाचे भाकीत ‘सैराट’च्या आधारे केले गेले आणि बहुतेक पिके वाफ्यातच जळाली.

फळ देते कोण, यावर मीमांसक आणि वेदान्ती यांचा वाद आहे. जैमिनीच्या मते कर्म स्वतःच फळ देते. यज्ञ आज संपतो, स्वर्ग पुढे मिळतो. मधला पूल म्हणून मीमांसक ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती मानतात. ती कर्मातून उपजते आणि फळ येईपर्यंत टिकते. ब्रह्मसूत्रांत बादरायण हे नाकारतो. कर्म जड आहे, त्याला कधी, कोणाला, किती फळायचे हे कळणार कसे? फळ ईश्वर देतो. चित्रपटसृष्टीत हे दोन्ही पक्ष रोज मांडले जातात, फक्त नावे बदलून. ‘पिक्चर चांगला असेल तर चालतोच’ म्हणणारा जैमिनीचा. ‘प्रेक्षक मायबाप’ म्हणून हात जोडणारा बादरायणाचा.

जैमिनीच्या बाजूने ‘तुंबाड’ उभा करता येतो. राही अनिल बर्वे यांचा हा पिक्चर १२ ऑक्टोबर २०१८ रोजी लागला आणि बेताची कमाई करून उतरला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त पैसे मिळाले. सहा वर्षांत कर्त्याने त्यात नवे काही केले नव्हते. मधला काळ काहीतरी टिकून होते. त्याला अपूर्व म्हणायला हरकत नसावी, मग ते घराघरांतल्या मोबाइलच्या पडद्यावर टिकले असले तरी. (लोभाचे फळ सांगणारी गोष्ट, आणि फळासाठी तिलाच सहा वर्षे ताटकळावे लागले.) बादरायणाच्या बाजूने एक प्रयोग आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात १४ हजारांहून अधिक लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकवली. लोकांचे आठ वेगळे गट केले आणि प्रत्येकाला फक्त आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी घेतले एवढेच दाखवले. वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर गेली. फार चांगले गाणे सहसा तळाशी गेले नाही, फार वाईट सहसा वर चढले नाही, पण मधल्यांचे काहीही झाले. फळ देणारा इथे आहे, पण तो ईश्वरासारखा सर्वज्ञ नाही. तो शेजारच्याकडे पाहून फळ देतो. बादरायणाचा ईश्वर विषमतेच्या दोषातून सुटतो, कारण तो प्रत्येकाचे कर्म पाहून देतो. मायबाप प्रेक्षकाला ही सूट देता येत नाही.

कर्मसिद्धान्ताला सर्वांत जड जाते ते फळाचे पत्ते पाहताना. दर्शने दोन दोष टाळण्यासाठी धडपडतात. केलेले वाया जाणे हा कृतनाश, न केलेले पदरात पडणे हा अकृताभ्यागम. हे दोन्ही टाळायचे म्हणून तर पुनर्जन्म मानावा लागतो. चित्रपटधंद्यात हे दोन दोष रीतसर करारात लिहिलेले असतात. वितरकाने एमजी, म्हणजे किमान रकमेची हमी, देऊन पिक्चर घेतला आणि तो आपटला की ज्याने पिक्चर केला तो सुटतो आणि ज्याने एक दृश्यही केले नाही तो बुडतो. उलट झाले तर केलेल्याचे फळ दुसऱ्याच्या घरी जाते. नाशिक जिल्ह्याला यासाठी दूर पाहावे लागत नाही. फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१७ साली त्यांच्या ‘लंका दहन’चा गल्ला इतका जमला की नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागत, असे सांगतात. पुढच्याच वर्षी भांडवलदार भागीदारांसह नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, मतभेद झाले, फाळके बाहेर पडले, परत आले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच ते गेले तेव्हा घरात त्या बैलगाडीतले काही उरले नव्हते. ज्या धंद्याची सगळी फळे त्यांच्या कर्माच्या झाडाची म्हणता येतील, त्यात त्यांचा शेअर शून्य होता. पुढे त्यांच्या नावाने पुरस्कार निघाला. तो फळ आहे की श्राद्ध, यावर मतभेद होऊ शकतो.

मनमाडहून दौंडकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात अंकाई-टंकाईच्या जोडकिल्ल्यांखालून जाते. टंकाईच्या पोटात जैन लेणी आहेत. कर्माचा हिशेब जैनांइतका बारकाईने कोणी ठेवलेला नाही, त्यांच्यासाठी कर्म हे जिवाला चिकटणारे सूक्ष्म द्रव्यच आहे. तत्त्वार्थसूत्र कर्मबंधाचे चार पैलू सांगते: प्रकृती म्हणजे कर्म कोणत्या जातीचे, स्थिती म्हणजे किती काळ टिकणार, अनुभाग म्हणजे फळाची तीव्रता किती, प्रदेश म्हणजे द्रव्याचे प्रमाण किती. हे चार खाने तिकीटखिडकीला लावले की मोजमापात काय बदलले ते दिसते. जुना धंदा स्थिती मोजत असे. पंचवीस आठवडे चालला की रौप्यमहोत्सव, पन्नास झाले की सुवर्ण. प्रभातचा ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रलमध्ये ५७ आठवडे होता, अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे. अडीच वर्षे एकाच टॉकीजात एकच पिक्चर, म्हणजे लागला तेव्हा पाळण्यात असलेले मूल उतरेपर्यंत चालायला-बोलायला लागले. आज मोजला जातो तो प्रदेश: किती पडदे, किती खेळ, तीन दिवसांत किती कोटी. हजारो पडद्यांवर एकदम लागलेला पिक्चर दुसऱ्या शुक्रवारी निम्म्या पडद्यांवरून उतरतो आणि तरीही विक्रमी ठरतो. प्रकृतीची, म्हणजे जातीची, चर्चा जाहिरातवाले करतात. अनुभागाचा रकाना डीसीआरमध्ये कधीच नव्हता. टॉकीजबाहेर चपला काढणाऱ्या बाईचे तिकीट आणि पाऊस लागला म्हणून आत शिरलेल्याचे तिकीट, दोन्हींचा नंबर एकामागोमाग एक.

जैन आचार्य सिद्धसेन दिवाकर यांनी सन्मतितर्कात घटनेची पाच कारणे एकत्र ठेवली: काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत आणि पुरुषाचा प्रयत्न. यातले कोणतेही एक घेऊन ‘हेच कारण’ म्हणणे मिथ्यात्व, सगळी मिळून धरणे सम्यक्त्व. चित्रपट पडल्यावर मिळणारी स्पष्टीकरणे या निकषावर तपासली तर बहुतेक मिथ्यात्वात जातात. तारीख चुकली म्हणणारा कालवादी, विषयच तसा होता म्हणणारा स्वभाववादी, नशीब म्हणणारा नियतिवादी, हिरोची हवा गेली म्हणणारा पूर्वकृतवादी, जाहिरात कमी पडली म्हणणारा पुरुषकारवादी. प्रत्येकाजवळ एक पंचमांश सत्य असते आणि प्रत्येकाचा आवाज पाच पंचमांशांचा.

याचा अर्थ अंदाज बांधूच नये असा होत नाही. फळाची आसक्ती सोडावी हे गीतेचे म्हणणे सर्वांना ठाऊक आहे. परिणाम, हानी आणि आपली कुवत न पाहता मोहाने आरंभलेले कर्म तामस असते, हेही तीच गीता अठराव्या अध्यायात सांगते, आणि ते सांगायला कोणी फारसे उत्सुक नसते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी हाच भेद लावून धरला. फलाशा सोडणे म्हणजे फळाविषयी बेफिकीर राहणे नव्हे. दहा लाखांचे घर गहाण टाकून पिक्चर काढणाऱ्याने तो किती टॉकीजांत लागेल याचा विचार केला तर तो आसक्त ठरत नाही. न केला तर तामस ठरतो.

अडचण भाकितात दुसरीकडे आहे. ॲरिस्टॉटलने विचारले होते की उद्या समुद्रावर लढाई होईल हे वाक्य आजच खरे किंवा खोटे असते काय. त्याच्या उदाहरणात वाक्य बोलणारा किनाऱ्यावर उभा असतो आणि त्याच्या बोलण्याने जहाजे हलत नाहीत. चित्रपटाचे भाकीत करणारा किनाऱ्यावर नसतो. हवामानखात्याने पाऊस नाही म्हटल्याने ढग परत जात नाहीत, पण ‘या पिक्चरला ओपनिंग नाही’ असे बुधवारी पसरले की गुरुवारी टॉकीजवाला त्याचे खेळ कापतो, संध्याकाळचा सहाचा खेळ दुसऱ्याला देतो आणि याला सकाळी साडेनऊचा ठेवतो. शुक्रवारी खुर्च्या रिकाम्या राहतात. भाकीत खरे ठरते, आणि ते सांगणाऱ्याची पत वाढून त्याचे पुढचे भाकीत आणखी जोरात खरे ठरते. देवकीच्या आठव्या मुलाचे भाकीत ऐकून कंसाने जे जे केले त्यातून भाकीतच पुरे झाले. इथे कंस, आकाशवाणी आणि गोकुळ एकाच बाजारात दुकाने मांडून बसलेले असतात. मीमांसकांच्या शब्दांत सांगायचे तर असे भाकीत हे ज्ञान नसून कर्म आहे. ज्ञान चुकले तर दुरुस्त करता येते. कर्माला फळ लागते, आणि ते करणाऱ्याला चिकटायला हवे. बाजारात चुकलेल्या भाकिताचे फळ ज्याच्याविषयी ते केले त्याला मिळते, भाकीत करणारा पुढच्या शुक्रवारकडे वळलेला असतो. कृतनाश आणि अकृताभ्यागम, पुन्हा दोन्ही.

मालेगावात नासिर शेख यांनी २००० च्या आसपास ‘मालेगाव के शोले’ काढला तेव्हा त्याचे भाकीत कोणी केले नाही. खर्च सुमारे ५० हजार, कलाकार गावातले, पडदा गावातल्या व्हिडिओ हॉलचा, प्रेक्षक शुक्रवारी सुट्टी असलेले मागावरचे कामगार. तो गावात जोरात चालला. त्या माणसांवर रीमा कागती यांनी केलेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ रोजी लागला. ‘छावा’चा तेव्हा तिसरा आठवडा सुरू झाला होता. समीक्षकांनी ‘सुपरबॉइज’ला उचलून धरले, गल्ला बेताचा जमला. तो वारही शुक्रवारच होता, आणि मालेगावचे माग नेहमीप्रमाणे बंद होते.